घटिकेचे स्वामित्व

वृत्तपत्राच्या संपादकास एक सवलत जन्मतःच लाभलेली असते. मोठी घटना घडली आणि मजकूर हाताबाहेर वाढला, तर मालकाशी चार शब्द भांडून तो एखादे पान वाढवून घेऊ शकतो, प्रसंगी जादा अंकही काढू शकतो; कारण कागद विकत मिळतो. नभोवाणीच्या आणि दूरचित्रवाणीच्या वृत्तप्रमुखास ही सवलत नाही. त्याचा कागद म्हणजे काळ, आणि दिवसाचे चोवीस तास कोणत्याही बाजारात पंचवीस करून मिळत नाहीत. बातमीसाठी घेतलेली प्रत्येक घटिका नाटकाकडून, गाण्याकडून अथवा जाहिरातदाराकडून काढून घ्यावी लागते, आणि ज्याच्याकडून ती काढून घ्यावयाची त्याच्या पाठीशी बहुधा कंपनीचा सगळा जमाखर्च उभा असतो. बातमी खरी की खोटी, महत्त्वाची की क्षुल्लक, हे ठरविण्याचा अखत्यार वृत्तप्रमुखाकडे असला, तरी ती लोकांपुढे केव्हा जावी आणि किती वेळ राहावी, याचा निकाल पुष्कळदा दुसऱ्याच दप्तरात लागतो. या हुद्द्याचा खरा इतिहास या दोन अखत्यारांमधील अंतराचा इतिहास आहे. ते अंतर ज्यांच्या कारकिर्दीत अत्यंत स्पष्ट दिसले, ते अमेरिकेतील कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम, म्हणजे सीबीएस, या कंपनीच्या वृत्तविभागाचे १९६४ ते १९६६ या काळातील अध्यक्ष फ्रेड फ्रेंडली यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

त्यापूर्वी अमेरिकेतील व्यवस्था थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये श्रोत्याने भरलेल्या परवाना-शुल्कावर ध्वनिक्षेपणाचा संसार चालला. हिंदुस्थानात तो सरकारी खात्याच्या हाती गेला. अमेरिकेने मात्र हा सारा व्यवहार खाजगी कंपन्यांकडे सोपविला आणि त्यांचा निर्वाह जाहिरातींवर ठेवला. १९३४ च्या दळणवळणविषयक कायद्याने प्रक्षेपण केंद्रांना परवाने देण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला आणि या परवान्यांस लोकहिताची अट घातली. आकाशातील लहरी जनतेच्या, त्यांचा वापर कंपनीचा, आणि त्या वापराच्या मोबदल्यात जनतेची काही सेवा, असा हा करार होता. त्या सेवेतील मुख्य बाब म्हणजे बातम्या. १९२८ मध्ये विल्यम पेली यांनी सीबीएस ताब्यात घेतली, तेव्हापासून तिच्या कारभारात या दोन प्रवृत्ती एकत्र नांदत आल्या : एक घटिका विकणारी आणि दुसरी त्याच घटिकेचे लोकऋण फेडू पाहणारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनहून एडवर्ड मर्रो यांनी केलेल्या वार्तांकनाने दुसऱ्या प्रवृत्तीस असे तेज प्राप्त करून दिले, की कंपनीची प्रतिष्ठा पुढे कित्येक वर्षे वृत्तविभागावरच तोलली गेली. तिची मिळकत मात्र करमणुकीवरच अवलंबून राहिली.

फ्रेंडली यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे मूळ नाव फर्डिनंड फ्रेंडली वाखनहायमर. लहानपणीच पितृछत्र हरपले, आणि त्यांचे वाढते वय ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या शहरात गेले. थोर विद्यापीठाची पदवी त्यांच्या नावापुढे लागली नाही; मॅसॅच्युसेट्समधील एका लहान महाविद्यालयातील शिक्षणावर त्यांना समाधान मानावे लागले. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रॉव्हिडन्सच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनी थोर पुरुषांची अवघ्या पाच मिनिटांत बसतील अशी शब्दचित्रे सादर करण्यास आरंभ केला. एका माणसाचे सबंध आयुष्य पाच मिनिटांत बसवावयाचे, म्हणजे काय ठेवावे यापेक्षा काय गाळावे याचाच विचार अहोरात्र करावयाचा. वेळेची किंमत या माणसास जी पुढे आयुष्यभर कळली, तिचे पहिले पाठ या शब्दचित्रांनी दिले. 'फ्रेड फ्रेंडली' हे सुटसुटीत नावही त्याच दिवसांत रूढ झाले.

महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले, आणि त्यांची नेमणूक चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या आघाडीवर झाली. सैनिकांना युद्धाची माहिती देणारी व्याख्याने देणे आणि दिल्लीहून निघणाऱ्या लष्करी साप्ताहिकासाठी लिहिणे, हे त्यांचे काम. या कामाच्या ओघात त्यांचा संबंध मुंबईच्या एका भीषण दिवसाशी आला. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज पेटले. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, शेकडो टन दारूगोळा होता आणि बँकेसाठी आणलेल्या सोन्याच्या विटाही होत्या. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जळता कापूस मांडवी आणि मस्जिद बंदरच्या वस्तीवर पावसासारखा पडला, शेजारची जहाजे फुटली, गुदामे बेचिराख झाली, आणि आग विझविण्यास गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या स्फोटाच्या वेळी केलेल्या बचावकार्याबद्दल फ्रेंडली यांना अमेरिकी सैन्याचे 'सोल्जर्स मेडल' मिळाले. शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसताना जिवावर उदार होणाऱ्यास दिले जाणारे हे पदक आहे.

त्या स्फोटाच्या हकिकतीत वृत्तव्यवसायाचाही एक धडा दडलेला आहे. शेकडो माणसे दगावली, हजारो निराधार झाली, अवघ्या शहराने तो आवाज आपल्या कानांनी ऐकला. आणि तरीही सरकारी प्रतिबंधामुळे वार्ताहरांना ती हकिकत सविस्तर बाहेर पाठविण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळाली नाही. दरम्यान जपानी अमलाखालील सायगावच्या नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगून टाकली. स्वतःच्या सरकारने दडविलेली बातमी लोकांनी शत्रूच्या केंद्रावरून ऐकावी, याहून मोठी नामुष्की कोणती? लोकांपासून रोखलेली घटिका रिकामी राहत नाही. ती दुसरा कोणीतरी आपल्या हेतूने भरून काढतो.

१९४५ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियातील माउटहाउझेनच्या छळछावणीची मुक्तता झाली, तेव्हाही फ्रेंडली तेथे पोहोचले होते. जे पाहिले ते त्यांनी आईस पत्राने कळविले, आणि ते पत्र पुढे त्यांच्या कुटुंबात जपून ठेवले गेले व पुनःपुन्हा वाचले गेले. घडले ते तसेच्या तसे लोकांसमोर ठेवले पाहिजे, ही त्यांची निष्ठा पुस्तकी नव्हती.

युद्धानंतर न्यूयॉर्कला परतलेल्या या उमेदवाराने एक अभिनव तजवीज मांडली. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांतील जगाचा इतिहास, त्या त्या काळच्या खऱ्या आवाजांतून, ध्वनिमुद्रिकांवर ऐकवावा, आणि निवेदन मर्रो यांचे असावे. नव्याने प्रचारात आलेल्या चुंबकीय फितीमुळे आवाज कापणे व जोडणे सुलभ झाले होते. १९४८ मध्ये निघालेला हा ध्वनिमुद्रिकांचा संच लोकांनी डोक्यावर घेतला आणि मर्रो व फ्रेंडली यांचे सख्य जमले. एक वार्ताहर, संयत, मितभाषी, आवाजात गांभीर्य असलेला. दुसरा निर्माता, धिप्पाड, अधीर, सहकाऱ्यांना रात्ररात्र राबविणारा आणि स्वतः त्यांच्याहून अधिक राबणारा. १९५० मध्ये फ्रेंडली सीबीएसमध्ये रुजू झाले. प्रथम नभोवाणीवर 'हिअर इट नाऊ' आणि १८ नोव्हेंबर १९५१ पासून दूरचित्रवाणीवर 'सी इट नाऊ' हा त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच दिवशी दोन लहान पडद्यांवर एकाच वेळी न्यूयॉर्कचे बंदर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर दाखविण्यात आला. अटलांटिक व पॅसिफिक हे दोन महासागर माणसाने एकाच क्षणी घरबसल्या पाहावे, असा तो पहिलाच प्रसंग.

हा कार्यक्रम ज्या खोलीतून प्रक्षेपित होई तिचे स्वरूप पाहिले, की या कामाचा मगदूर कळतो. सजविलेला रंगमंच तेथे नव्हता. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या इमारतीतील स्टुडिओचा नियंत्रणकक्ष, त्यात यंत्रांच्या रांगा, चित्रे दाखविणारे लहान पडदे, दिग्दर्शनास डॉन ह्युइट. आणि या सगळ्या सरंजामाच्या मधोमध खुर्चीवर मर्रो, हातात विझत आलेली सिगारेट. मर्रो यांच्या पायाशी, कॅमेऱ्याच्या नजरेखाली, फ्रेंडली जमिनीवर बसलेले असत आणि बोलावयास आरंभ करण्याची वेळ झाली की त्यांच्या पायास हलकेच स्पर्श करून इशारा देत. फिल्म कोठे संपते, निवेदन कोठे सुरू होते, किती सेकंद उरले, हा सारा हिशेब त्या खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात असे. लक्षावधी लोकांना मर्रो दिसत; फ्रेंडली कोणालाच दिसत नसत. निर्मात्याचे आणि पुढे वृत्तप्रमुखाचेही काम हेच आहे : बोलणाऱ्याला त्याची घटिका निर्वेध मिळवून देणे.

ही घटिका किती मोलाची ठरू शकते, हे १९५३-५४ मध्ये दिसले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांचा शोध घेण्याच्या निमित्ताने देशभर संशयाचे राज्य मांडले होते. मायलो रादुलोविच नावाच्या हवाई दलाच्या एका राखीव अधिकाऱ्यास, त्याच्या वडिलांच्या व बहिणीच्या कथित मतांवरून बडतर्फ करण्याचा घाट घातला गेला; मोहोरबंद लिफाफ्यातील पुरावा त्याच्या वकिलासही दाखविला गेला नाही. २० ऑक्टोबर १९५३ रोजी 'सी इट नाऊ'ने ही हकिकत मांडली. कंपनीने या कार्यक्रमाची जाहिरात करण्याचे नाकारले, तेव्हा मर्रो व फ्रेंडली यांनी पदरचे १५०० डॉलर भरून वृत्तपत्रात ती दिली, आणि तिच्यावर कंपनीचे चिन्ह नव्हते. पाच आठवड्यांतच हवाई दलाच्या मंत्र्यांनी त्या अधिकाऱ्यास सेवेत कायम ठेवल्याचे त्याच कार्यक्रमातून जाहीर केले. ९ मार्च १९५४ रोजी मर्रो व फ्रेंडली यांनी खुद्द मॅकार्थींवर अर्धा तास खर्च केला, आणि तो बहुतांशी मॅकार्थींच्याच बोलण्याने व चित्रांनी भरला. याही वेळी जाहिरातीचे पैसे दोघांच्या खिशातून गेले. मॅकार्थींना उत्तरासाठी तेवढाच वेळ देण्यात आला आणि ६ एप्रिलला त्यांनी तो वापरला. त्याच वर्षी डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. हा सारा परिणाम एका कार्यक्रमाचा असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; सैन्याशी झालेल्या त्यांच्या झगड्याची जाहीर सुनावणी लोकांनी दूरचित्रवाणीवर आठवडेच्या आठवडे पाहिली होती. तथापि भीतीने गप्प बसलेल्या देशात अर्ध्या तासाने कोंडी फोडली, हे निर्विवाद आहे.

परंतु तो अर्धा तास होता कोणाचा? मंगळवारची ती वेळ एका ॲल्युमिनियम कंपनीच्या जाहिरातीवर टिकून होती, आणि १९५५ मध्ये त्या कंपनीने हात आखडता घेतला. त्याच वर्षीच्या ७ जूनला 'सी इट नाऊ'च्या अगोदरच्या अर्ध्या तासात '६४ हजार डॉलरचा प्रश्न' ही प्रश्नमंजूषा सुरू झाली. सामान्य माणूस काचेच्या खोलीत उभा राहून हजारो डॉलर जिंकतो, हे पाहण्यास सारा देश पडद्यापुढे बसला. आणि त्या वेळेस लागून असलेल्या घटिकेचे मोल इतके चढले, की तीत वृत्तकार्यक्रम चालविणे कंपनीस परवडण्याजोगे राहिले नाही. साप्ताहिक कार्यक्रम अनियमित झाला, आणि १९५८ च्या जुलैत बंद पडला. मॅकार्थींना जे साधले नव्हते ते एका प्रश्नमंजूषेने तीन वर्षांत साधले. कोणी हुकूम काढला नाही, कोणावर बंदी आली नाही. भाव वाढला आणि जागा गेली. नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या इतिहासात बातमीचा गळा बहुतेक वेळा असाच, विना-फर्मान, आवळला गेलेला आढळतो.

पुढे अशा प्रश्नमंजूषांत उत्तरे आधीच पढविली जातात हे चौकशीत उघड झाले, आणि कंपन्यांची लाज राखण्यासाठी गंभीर कार्यक्रमांना पुन्हा दिवस आले. १९५९ च्या ऑक्टोबरात 'सीबीएस रिपोर्ट्स' ही माहितीपटांची मालिका फ्रेंडली यांच्या मुखत्यारीखाली सुरू झाली. २५ नोव्हेंबर १९६० रोजी, अमेरिकी कुटुंबे सणाच्या पंक्तीतून नुकतीच उठलेली असताना, तिने फिरत्या शेतमजुरांच्या हालांचा 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट दाखविला. भाजी, फळे ज्यांच्या हातांनी खुडली जातात ती माणसे कशा खोपटांतून राहतात, दिवसाकाठी काय मिळवितात आणि लेकरांना कोणाच्या भरवशावर सोडून शेतात जातात, हे त्या रात्री भरल्या पोटांना पाहावे लागले. निवेदन मर्रो यांचे, आणि सीबीएसमधील त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकी ते एक. १९६१ च्या आरंभी ते केनेडी सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख म्हणून निघून गेले, आणि फ्रेंडली यांना पुढील वाट एकट्याने चालावी लागली.

१९६४ च्या मार्चमध्ये फ्रेंडली वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले. अध्यक्षाच्या मेजावर येणारा मामला निर्मात्याच्या कामाहून निराळा असतो. शेकडो माणसांच्या नेमणुका, दूरदेशीची कचेरी आणि तिचा खर्च, निवडणुकीच्या रात्रीची तयारी, वकिलांचे आक्षेप, संलग्न केंद्रांच्या तक्रारी, आणि प्रतिस्पर्धी एनबीसीने काल रात्री किती प्रेक्षक खेचले याचे आकडे, हे सारे त्याच्यावर रोज कोसळते. त्या वर्षीच्या रिपब्लिकन अधिवेशनात सीबीएस मागे पडली, तेव्हा वरिष्ठांच्या इच्छेपुढे मान तुकवून फ्रेंडली यांनी पुढच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनासाठी वॉल्टर क्रॉंकाइट यांना मुख्य निवेदकाच्या जागेवरून दूर केले. त्याने आकडे सुधारले नाहीत आणि क्रॉंकाइट लवकरच पूर्वपदावर आले. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसल्यावर फ्रेंडलींसारख्या माणसासही आकड्यांचा दाब कसा वाकवितो, याचे हे उदाहरण त्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मात्र बातमीच्या बाबतीत ते वाकले नाहीत. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वार्ताहर मॉर्ली सेफर यांनी व्हिएतनाममधील काम ने या गावाहून फिल्म पाठविली : अमेरिकी सैनिक सिगारेट पेटविण्याच्या लायटरने गवती छपरांना आग लावीत आहेत आणि म्हातारीकोतारी बाहेर पळत आहेत. आपल्याच सैन्याविषयी असे दृश्य अमेरिकी घरांत तोवर आलेले नव्हते. फ्रेंडली यांनी मध्यरात्री उठून हकिकत पुनःपुन्हा पडताळून पाहिली, आणि ती दाखविण्याचा हुकूम दिला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कंपनीचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांस दूरध्वनीवरून कडक शब्दांत दटावल्याचे प्रसिद्ध आहे. तरीही बातमी गेली आणि वार्ताहर आपल्या जागी राहिला. आशयाचा अखत्यार वृत्तप्रमुखाकडे पूर्णपणे होता, आणि वेळ आली तेव्हा कंपनीने तो मान्य केला, हे येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे पुढील प्रसंगाचे मर्म ध्यानी येईल.

१९६६ च्या फेब्रुवारीत सिनेटर फुलब्राइट यांच्या परराष्ट्र समितीने व्हिएतनाम युद्धावर जाहीर सुनावणी आरंभिली. युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाच्या समितीप्रमुखाने युद्धाच्या प्रयोजनाची अशी उघड चौकशी करावी, हा असामान्य प्रसंग होता. पहिल्या काही साक्षी सीबीएसने प्रत्यक्ष दाखविल्या, आणि दिवसाच्या जाहिरातींचे उत्पन्न बुडाले. १० फेब्रुवारीस जॉर्ज केनन यांची साक्ष होती. सोव्हिएत संघास आवर घालण्याच्या धोरणाचा पाया ज्यांनी घातला, ते मुत्सद्दी या युद्धाविषयी काय म्हणतात, याकडे जाणत्यांचे लक्ष लागले होते. परंतु दरम्यान कंपनीच्या कारभारात फेरबदल होऊन फ्रेंडली आणि वरिष्ठ यांच्यामध्ये जॉन श्नायडर हे नवे अधिकारी आले होते, आणि वेळेचा निर्णय त्यांच्या हाती होता. त्यांनी नकार दिला. त्या सकाळी एनबीसीच्या पडद्यावर केनन बोलत होते. सीबीएसच्या पडद्यावर 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा पूर्वी दाखवून झालेला भाग चालू होता. पाच दिवसांनी, १५ फेब्रुवारी १९६६ रोजी, फ्रेंडली यांनी राजीनामा दिला.

श्नायडर यांची बाजू अगदीच निराधार नव्हती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. दिवसाउजेडी पडद्यापुढे बसणारा वर्ग बव्हंशी गृहिणींचा; देशाचे निर्णय घेणारे लोक त्या वेळी आपापल्या कचेऱ्यांत असतात; सुनावणीचा सारांश रात्रीच्या बातम्यांत देता येईल; आणि कंपनी ही भागधारकांची असल्यामुळे रोजचा तोटा किती दिवस सोसावा यास मर्यादा आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पण युद्धावर जाणारे तरुण ज्यांच्या पोटचे होते त्या गृहिणींना त्या युद्धाची मीमांसा समजण्याचे प्रयोजन नाही, हे गृहीत धरण्याचा अधिकार कोणी कोणास दिला होता? सारांशाने घटना कळते. समोरासमोरच्या साक्षीने माणूस कळतो, त्याचा संकोच, त्याचा ठामपणा, प्रश्नाने तो कोठे अडतो, हे कळते. युद्धासारख्या प्रश्नावर नागरिकाने मत बनवावयाचे तर त्यास हे दुसरे ज्ञानही लागते. फ्रेंडली यांचा राजीनामा सुनावणीच्या एका दिवसापुरता नव्हता. आशयाचा निर्णय ज्याने करावयाचा त्याला वेळेच्या निर्णयात आवाज नसेल, तर त्याचे पद ही केवळ एक शोभेची खुर्ची ठरते, असा त्यामागील सिद्धांत होता, आणि त्या सिद्धांतासाठी सोळा वर्षांच्या सेवेवर त्यांनी पाणी सोडले.

त्यांच्या जागी रिचर्ड सॅलंट आले, किंबहुना परत आले. कारण फ्रेंडलींच्या पूर्वी १९६१ ते १९६४ मध्ये हा हुद्दा त्यांच्याचकडे होता. सॅलंट पेशाने वकील. वार्ताहर म्हणून त्यांनी कधी काम केले नव्हते, आणि म्हणून त्यांच्या पहिल्या नेमणुकीकडे व्यवसायबंधू साशंकतेने पाहत होते. तरी २ सप्टेंबर १९६३ रोजी रात्रीचे बातमीपत्र पंधरा मिनिटांवरून तीस मिनिटांवर नेण्याचे श्रेय त्यांच्या कारकिर्दीस जाते. संलग्न केंद्रांशी वाटाघाटी करून, तक्रारी ऐकून, कायमची पंधरा मिनिटे बातमीच्या पदरात पाडून घेणे, हे राजीनाम्याइतके तेजस्वी कृत्य दिसत नाही. पण त्याचे फळ प्रेक्षकांना रोज रात्री मिळत राहिले. १९७९ मध्ये निवृत्त होईपर्यंत सॅलंट यांनी हा किल्ला लढविला. १९७१ मध्ये 'सेलिंग ऑफ द पेंटागॉन' या माहितीपटावरून अमेरिकी काँग्रेसच्या समितीने न वापरलेली फिल्म मागितली, तेव्हा कंपनीने ती देण्याचे साफ नाकारले, आणि स्टँटन यांच्यावर अवमानाचा ठपका येण्याची वेळ आली तरी माघार घेतली नाही. फ्रेंडलींचा त्याग आणि सॅलंटांची चिकाटी या एकाच व्रताच्या दोन रीती आहेत. एकाने पदाची मर्यादा जगाला दाखविली. दुसऱ्याने त्या मर्यादेत राहून ती इंचाइंचाने हटविली.

सॅलंटांच्याच काळात, १९६८ च्या सप्टेंबरात, डॉन ह्युइट यांचे '६० मिनिट्स' सुरू झाले, आणि दहा-बारा वर्षांत ते देशातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांच्या अग्रस्थानी जाऊन पोहोचले. बातमीही नफा देऊ शकते हे त्याने सिद्ध केले. वरवर पाहता हा वृत्तविभागाचा विजय. परंतु याच विजयाने एक जुना शिरस्ता मोडला. बातमी हे परवान्याचे ऋण आहे, तिचा जमाखर्च वेगळ्या वहीत लिहावा, ही समजूत ओसरत गेली, आणि बातमीच्या प्रत्येक घटिकेस तू किती मिळविलेस हा प्रश्न विचारण्याचा प्रघात पडला. पूर्वी घटिका मिळत नसे. आता मिळू लागली, पण मोबदला ठरवून.

राजीनाम्यानंतर फ्रेंडली स्वस्थ बसले नाहीत. १९६७ मध्ये त्यांनी आपली हकिकत ग्रंथरूपाने मांडली. फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार म्हणून, १९६६ च्या ऑगस्टमध्येच, त्यांनी एक तजवीज सरकारी आयोगापुढे ठेवविली होती : कंपन्यांचे कार्यक्रम देशभर पोहोचविण्याचे काम कृत्रिम उपग्रहांमार्फत एका ना-नफा संस्थेने करावे, आणि त्यातून वाचणारा पैसा बिगरव्यापारी दूरचित्रवाणीस द्यावा. ती तजवीज जशीच्या तशी अमलात आली नाही. तथापि सार्वजनिक दूरचित्रवाणीचा प्रश्न तिने ऐरणीवर आणला, आणि ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा संमत झाला. ज्याने विक्रीची घटिका मागून पाहिली आणि नाकारली गेलेली पाहिली, त्याने विक्रीस न काढलेली घटिका निर्माण करण्यासाठी खटपट करावी, यात एक सुसंगती आहे. कोलंबिया विद्यापीठात मर्रो यांच्या नावाच्या आसनावर बसून त्यांनी पत्रकारिता शिकविली, आणि न्यायाधीश, सेनाधिकारी, संपादक व राजकारणी यांना एका मेजाभोवती बसवून कल्पित पेचप्रसंगांवर वाद घडविणारी परिसंवादमाला चालविली. १९८४ मध्ये अमेरिकी राज्यघटनेवरील अशीच एक मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सादर झाली. घाई नाही, मध्ये जाहिरात नाही, वादाला लागेल तेवढा अवकाश. ३ मार्च १९९८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या कारकिर्दीचे मोजमाप पदाच्या काळावरून करू गेल्यास ते जेमतेम दोन वर्षांचे भरते. तरीही वृत्तप्रमुखाच्या हुद्द्याचा विचार करणाऱ्यास तिला वळसा घालून जाता येत नाही. कारण तिने एक प्रश्न कायमचा मांडून ठेवला आहे. आपल्याकडे वृत्तस्वातंत्र्याची चर्चा होते तेव्हा आपण दडपलेल्या बातम्यांची, नाकारलेल्या मुलाखतींची आणि सरकारी दटावणीची चर्चा करतो, आणि ती योग्यच आहे. पण काम नेची चित्रे राष्ट्राध्यक्षाचा रोष पत्करून दाखविणारी कंपनी सहा महिन्यांनी एका विनोदी मालिकेच्या जुन्या भागासाठी युद्धावरील साक्ष सोडून देते, तेव्हा स्वातंत्र्याची व्याख्या केवळ आशयापुरती ठेवून चालत नाही, हे उघड होते. जो संपादक काय सांगावे हे ठरवितो पण केव्हा सांगावे हे ठरवू शकत नाही, तो अर्धा संपादक आहे. म्हणून वृत्तविभागाची सूत्रे हाती घेणाऱ्याने वेतनाच्या आणि हुद्द्याच्या अटींइतक्याच स्पष्टपणे ही एक अट लिहून घेतली पाहिजे, की राष्ट्राच्या दृष्टीने निकडीची घटना घडत असताना चालू कार्यक्रम थांबविण्याचा अखत्यार त्याचा राहील, आणि त्यापायी येणारा तोटा ही कंपनीने जनतेस द्यावयाची परवान्याची किंमत मानली जाईल. ही अट मान्य करण्यास मालक तयार नसेल, तर ती खुर्ची स्वीकारण्यापूर्वीच नाकारण्यात शहाणपण आहे, आणि फ्रेंडली यांनी ती स्वीकारल्यावर सोडून दाखविली यात त्यांची थोरवी आहे.